प्रीपेड की पोस्टपेड: घरात चार नंबर असतील तर

‘जिओ घेऊ की एअरटेल?’ असं कोणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. घरात नंबर किती, आणि त्यांचे पैसे कोण भरतं? एकट्या माणसाचा एकच नंबर असेल तर पुढचं बरंचसं वाचलं नाही तरी चालेल. प्रीपेड ठेवा आणि निवांत राहा. पण बायको, आई, कॉलेजातली लेक आणि आपण, असे चार नंबर एकाच खिशातून चालत असतील, तर कंपनी ठरवायच्या आधी प्रीपेड की पोस्टपेड हे ठरवावं. मी दोन्ही वापरलं आहे आणि आता एका बाजूला स्थिरावलो आहे.

कंपनीचं आधी उरकून घेऊ. जुलै २०२४ मध्ये जिओ आणि एअरटेलने ३ तारखेला, तर व्हीने (व्होडाफोन-आयडिया) ४ तारखेला दर वाढवले. तेव्हापासून या तिघांच्या पॅकमध्ये दहा-पन्नास रुपयांचा फरक शोधत बसण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. बीएसएनएलने त्या वेळी दर वाढवले नाहीत आणि बरेच लोक तिकडे वळले. त्यांची स्वदेशी फोरजी सेवा २७ सप्टेंबर २०२५ला रीतसर सुरू झाली. स्वस्तातलं दुसरं सिम म्हणून ते मला आवडतं. पहिलं म्हणून घ्यायचं तर आपल्या गल्लीत फोरजी पकडतं का, ते बघून घ्यावं. एक फरक मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. जिओकडे टूजी नाही, पहिल्या दिवसापासून कारभार फोरजीवर, आता फाइव्हजीवरही. घरात कुणी अजून जुना बटणांचा टूजी फोन वापरत असेल तर त्यात ते सिम चालणार नाही. एअरटेल किंवा व्हीचं चालेल.

स्पीडच्या तक्त्यांवर मी फारसा विसंबत नाही. पाहुणे आले की त्यांच्या फोनवर आपल्या माजघरात किती काड्या दिसतात ते बघावं, हे जास्त कामाचं. गावी देवरुखजवळ आमचं चिऱ्याचं घर आहे. ओटीवर रेंज पूर्ण, चार पावलं आत गेलं की शून्य. वाय-फाय लावून फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केल्यावर तो प्रश्न सुटला, कंपनी बदलून सुटला नव्हता. तेव्हा टॉवर कुणाचा जवळ आहे ते पाहा, त्याचं सिम घ्या आणि खऱ्या प्रश्नाकडे या.

खरा प्रश्न समजायला ३४९ हा आकडा सोयीचा आहे. जिओच्या जुलै २०२४च्या यादीत तो दोनदा येतो. प्रीपेडमध्ये ३४९ला २८ दिवस, रोज २ जीबी. पोस्टपेडमध्ये ३४९ला महिना, एकूण ३० जीबी. अमर्याद फाइव्हजी दोन्हीकडे. पण प्रीपेडच्या ३४९मध्ये कर धरलेला असतो आणि पोस्टपेडच्या ३४९वर १८ टक्के जीएसटी चढतो, म्हणजे बिल ४१२चं येतं. प्रीपेडचे वर्षाला १३ रिचार्ज धरले तरी ४,५३७ होतात. पोस्टपेडचे ४,९४० च्या आसपास. चारशे रुपये जास्त, आणि डेटाही कागदावर कमी. एका नंबरासाठी प्रीपेड स्वस्त पडतं यात वाद नाही.

डेटाचं मात्र दिसतं तसं नसतं. रोजचे २ जीबी रात्री बारा वाजता संपतात, वापरले असोत वा नसोत. घरी वाय-फाय असलेल्या माणसाचे बाहेर फिरताना कधी तीन जीबी जातात आणि मग आठवडाभर अर्धाही लागत नाही. पोस्टपेडचा महिन्याचा एकत्र साठा अशा वापराला बरा, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जातो. दिवसभर मोबाइलच्याच डेटावर असलेल्या मुलाला अर्थात उलटं लागू पडतं.

प्रीपेडवरच राहायचं असेल तर एक लहानसा हिशेब करून बघा. २८ दिवसांच्या पॅकबद्दल ओरड झाल्यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, जानेवारी २०२२मध्ये आदेश काढला: प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा ठेवलाच पाहिजे. ते पॅक आहेत, पण दुकानदार स्वतःहून सांगत नाही. त्याच जुलैच्या यादीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ला आहे आणि कॅलेंडर महिन्याचा ३१९ला. पहिला १३ वेळा भरला तर ३,८८७. दुसरा १२ वेळा भरला तर ३,८२८. वीस रुपयांनी महाग दिसणारा पॅक वर्षाला ५९ रुपयांनी स्वस्त पडतो. दर पुढेमागे होतील, पण तेरा आणि बाराचा फरक राहीलच. ८४ दिवसांच्या पॅकचंही तसंच: चार पॅक म्हणजे ३३६ दिवस, वर्षाला २९ दिवस कमी.

आता घराचा हिशेब. एअरटेलने त्या दरवाढीत चार कनेक्शनांचा फॅमिली प्लॅन ९९९वरून ११९९वर नेला. करासकट १,४१५. त्यांचाच तेव्हाचा रोज दीड जीबीचा ३४९चा प्रीपेड पॅक चौघांना घेतला तर महिन्याला सरासरी १,५१२ पडतात. म्हणजे पोस्टपेड शंभराच्या आसपास स्वस्त. पण हाही अर्धाच हिशेब, कारण तेव्हाचेच ३,५९९चे वार्षिक पॅक चौघांना घेतले तर महिना १,२००वर येतो आणि प्रीपेड पुन्हा पुढे जातं. फक्त ते १४,४०० रुपये एकरकमी मोजायचे, आणि मधेच रेंज बिघडून पोर्ट करावं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी लागली तर उरलेल्या महिन्यांचे पैसे गेले. थोडक्यात, पैशावरून निकाल लागत नाही. माझाही पैशावरून लागला नाही.

लागला तो एका वेगळ्याच गोष्टीवरून. प्रीपेडमध्ये रिचार्जची आठवण ज्याचा फोन त्याला येते, आणि आपल्याकडे पैसे भरणारा असतो दुसराच.

आई गावी असते. पोस्टपेडवर येण्याआधीचं सांगतो. तिचा रिचार्ज मी पुण्यातून करतो, दोन मिनिटांचं काम, यूपीआयने होतं. पण पॅक संपायला आला की मेसेज जातो तिच्या फोनवर, तोही इंग्रजीत, कर्ज आणि रमीच्या जाहिरातींच्या ढिगात. ती मेसेज उघडतच नाही. मग फोन लावला की आधी रेकॉर्ड केलेल्या बाई बोलतात. आईचं म्हणणं, ‘ती बाई मधे मधे बोलते, मी कापून परत लावते.’ पॅक संपतो, आउटगोइंग बंद होतं. तिला वाटतं रेंज गेली, कारण कोकणात पावसाळ्यात रेंज जाणं ही रोजचीच गोष्ट. मी फोन केला की लागतो, त्यामुळे मला काही कळत नाही. आणखी काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं.

असंच एकदा इनकमिंग बंद असताना सिलेंडर आला. गाडीवरचा माणूस म्हणाला, मोबाइलवर कोड आलाय तो सांगा. कोड कुठून येणार? आई बिचारी फोन हातात धरून अंगणात, मग गडग्यापाशी, जिथे रेंज असते तिथे जाऊन उभी. तो माणूस भला होता, शेजारच्या वहिनींच्या फोनवरून मला फोन लावून दिला. मी पुण्यात बसून रिचार्ज केला, पण मेसेज येईपर्यंत गाडी पुढच्या वाडीत गेली होती. सिम कुठल्या कंपनीचं होतं याला महत्त्व नाही, कारण प्रीपेडची रचनाच अशी आहे. बँकेचा ओटीपी, पेन्शनचा मेसेज, आधारचं काम, सगळं त्या एका नंबरावर टांगलेलं, आणि नंबर जिवंत आहे की नाही हे मला कळायची सोय नाही.

कॅलेंडरमध्ये आठवण लावून ठेवावी, असं कोणी म्हणेल. ठेवली होती. पण २८ दिवसांची तारीख दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकते, आणि चार नंबरांच्या चार तारखा आपापल्या चालीने सरकत असतात. बायकोचा पॅक अठ्ठावीसचा, लेकीचा चौऱ्याऐंशीचा, कारण तिने परस्पर तो मारून घेतलेला. ऑटोपे लावता येतं, आणि ज्यांनी लावलंय त्यांची ही तक्रार बरीचशी मिटत असणार, हे कबूल. पण दर महिन्याला आपल्या खात्यातून आपोआप पैसे जाणारं प्रीपेड म्हणजे बिल न दिसणारं पोस्टपेडच की.

पोस्टपेडमध्ये चारही नंबरांचं एकच बिल येतं, आणि ते माझ्याकडे येतं. सगळा फरक एवढाच आहे, आणि मला तो पुरला.

पोस्टपेडचा जाच नाही असं नाही. पहिलं बिल बहुधा ठरल्यापेक्षा फुगलेलं येतं, कारण चालू महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढचा महिना एकत्र लावतात; दुसऱ्या बिलापर्यंत धीर धरावा. परदेशी जाणार असाल तर रोमिंगचा पॅक आधी घ्या किंवा डेटा बंद करा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल. प्रीपेडमध्ये ती भीती नाही, पैसे संपले की फोन गप्प. आणि बिल थकलं तर एक नाही, चारही नंबर एकदम अडकतात. लेकीला खर्चाचं भान यावं म्हणून तिला वेगळं प्रीपेडच द्यायचं, हा बायकोचा मुद्दाही मला पटतो. आमच्याकडे तो मतदानात पडला एवढंच.

कुणी प्रीपेडवरच राहावं, तेही सांगतो. ज्यांना फक्त बोलायचं असतं, त्यांनी. ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलून डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना सक्तीचं केलं आणि ‘स्पेशल टॅरिफ व्हाउचर’ प्रकारच्या पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. त्यानंतर एअरटेलचा असा वर्षभराचा पॅक १,८४९ला आला, म्हणजे महिन्याला दीडशेच्या थोडं वर. ज्यांची आई व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाही त्यांनी हाच घ्यावा, माझं सगळं पुराण विसरून. आमच्या आईला रात्री मोबाइलवर कीर्तन लागतं आणि नातीचं तोंड व्हिडिओवर दिसावं लागतं, त्यामुळे तो मार्ग बंद. दुसऱ्या सिमलाही पोस्टपेड कशाला? कंपन्यांना कंटाळून वारंवार पोर्ट करणाऱ्यांनीही प्रीपेडवर असलेलं बरं, कारण पोस्टपेडचं बिल थकलेलं असलं की पोर्टची विनंती फेटाळली जाते.

बदलायचं ठरवलंत तर, त्याच कंपनीत प्रीपेडचं पोस्टपेड करणं सोपं आहे, नंबर तोच राहतो. कंपनी बदलायची असेल तर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत, जागा सोडून आपला नंबर, आणि तो एसएमएस १९००वर. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेला असावा लागतो, आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे एकाच दूरसंचार विभागात, तीन कामाचे दिवस लागतात. मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल आहेत, त्यामुळे ठाण्याचा नंबर पुण्यात आणायचा तर कामाचे पाच दिवस धरा. फॅमिली प्लॅनमध्ये आईचा नंबर तिच्याच नावावर राहणार का, हे काउंटरवर आधी विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर दुसऱ्या काउंटरवर विचारा.

चारही नंबर एकदम हलवू नका. आधी आपला एकटा हलवून एक पूर्ण बिल बघावं, मग बायकोचा, मग लेकीचा. आईचा सगळ्यात शेवटी, तोही आपण गावी असताना, कारण नवं सिम चालू होताना फोन काही तास बंद पडतो आणि नेमका त्याच दिवशी तिच्या बहिणीचा फोन यायचा असतो.