आधी ‘उपरा’ की आधी ‘उचल्या’?

वीटभट्टीवर लहानाची मोठी झालेली एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. दिवसा पॅकिंगच्या कामाला जाते आणि रात्री मोबाइलवर बोटाने चित्रं काढते. ॲप फुकटातलं, काचेला तडा गेलेला. आईबापाचं आयुष्य चित्रांत उतरवायचं आणि त्याचं पुस्तक करायचं, हे तिने मनाशी पक्कं केलंय. “आपल्यासारख्यांनी लिहिलेलं आधी काय वाचू?” असं तिने मला विचारलं. तिच्याकडे वेळ रात्रीचा तासभर, त्यामुळे दहा नावं सांगून उपयोग नव्हता. माझ्यासमोर दोनच आत्मकथनं होती, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’.

ही दोन नावं लोक एका दमात घेतात. ‘उपरा’ आलं 1980 साली, त्याला साहित्य अकादमी मिळालं 1981 मध्ये. ‘उचल्या’ 1987 चं, त्याचा अकादमी पुरस्कार 1988 चा. माने कैकाडी समाजातले, गायकवाड उचल्या समाजातले. दोन्ही समाजांच्या कपाळावर इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सुरू केलेला गुन्हेगारीचा शिक्का. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, पण पोलिसांच्या आणि गावाच्या नजरेतून शिक्का गेला नाही. दोन्हीकडे घरातलं पोर पहिल्यांदा शाळेत जातं आणि घरावर वादळ येतं. एवढं जुळतं म्हणून ‘कुठलंही वाच, एकच आहे’ असं सांगणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. वाचताना ही दोन पुस्तकं माणसाला अगदी वेगळ्या वाटेने नेतात.

‘उपरा’ हे चालत्या बिऱ्हाडाचं पुस्तक. कैकाडी समाज, गाढवं, पालं, टोपल्या-कणग्या विणून गावोगाव विकणं. एका गावात चार दिवस टेकायचं की पुढचं गाव. अशा जगण्यात शाळा बसवायची कुठे? तरीही बाप पोराला शाळेत घालतो. गावाला ते रुचत नाही हे आपल्याला अपेक्षितच असतं, पण आपल्याच माणसांना, जातपंचायतीला त्याची धास्ती वाटते, तिथे पुस्तक खरं पकडतं. हाच मुलगा पुढे मराठा मुलीशी लग्न करतो आणि ‘उपरा’ या शब्दाला दुसरी धार येते. गावात तो उपरा होताच, आता बिरादरीतही उपराच. यात युक्तिवाद कमी आणि दिसणं जास्त आहे. काम करणारे हात दिसतात, ओझं दिसतं, उपाशी रात्र दिसते. कैकाडी बोलीतले संवाद पहिल्यांदा अडवतात. ते तसेच वाचत पुढे जा, थांबू नका. वीसेक पानांत कान तयार होतो.

‘उचल्या’ मात्र थेट भांडतं. लातूरजवळच्या धनेगावचं हे पोर. आजोबांना दिवसातून ठरावीक वेळा हजेरी द्यावी लागायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. काम द्यायला कोणी तयार नाही, म्हणून चोरी. आणि चोरी झाली की पोलीस घरात, मग बायकाही सुटत नाहीत. लहान पोरांना मार खायची सवय लावली जाते, उद्या पोलिसांच्या माराला तोंड उघडू नये म्हणून. हा भाग सलग वाचवत नाही, मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं होतं. लक्ष्मण शाळेत जायला लागला आणि वस्तीत हगवण-उलटीची साथ आली, तेव्हा लोकांनी दोष शाळेला दिला. हा प्रसंग मोजक्या ओळींचा, पण शंभर वर्षं अक्षरापासून लांब ठेवलेल्या माणसांची भीती मला यात जितकी समजली तितकी कुठल्या अहवालात समजली नाही. पुढे सूतगिरणीतली नोकरी येते, कामगारांची संघटना येते, आणि पुस्तक घरातून चळवळीत शिरतं. कामगार वाचकाला हा उत्तरार्ध जवळचा वाटेल. माझं मत विचाराल तर लिखाण म्हणून पूर्वार्धच जास्त भिडतो. उत्तरार्धात घटना भराभर येतात, माणसं तेवढी उभी राहत नाहीत.

तिसरं नाव ‘बलुतं’चं. दया पवारांचं हे आत्मकथन 1978 चं, या दोघांच्या आधीचं. गाव आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती अशा दोन्ही ठिकाणी वावरणारं. शहरातल्या वस्तीवर काम करायचं असेल तर त्यानेच सुरुवात करा. परदेशात वाढलेल्या, मराठी वाचता न येणाऱ्या मुलांसाठी तिन्हींचे इंग्रजी अनुवाद झालेले आहेत, पण बोलीचा ठसका तिथे पोचेल ही आशा ठेवू नका.

तर मग कोणी काय घ्यावं? ‘हे लोक असे का झाले’ असा प्रश्न डोक्यात असेल, कायदा, पोलीस, पोट यांची साखळी समजून घ्यायची असेल, तर ‘उचल्या’ आधी. संघटनेत काम करणाऱ्या कुणालाही मी तेच देईन. पण स्वतःच्या माणसांबद्दल लिहायचं किंवा काढायचं असेल तर ‘उपरा’. त्या मुलीला मी तेच दिलं.

तिने आधी काढलेलं गाढव मला आठवतं. कॅलेंडरवर असतं तसं, कान टवकारलेलं, पाठ मोकळी. पुस्तक अर्धं झाल्यावर तिने आईला फोन केला आणि विटा लादायच्या आधी पाठीवर काय टाकायचे, गोणी कुठे बांधायची, कुठल्या बाजूला वीट जास्त झाली की गाढव बसतं, हे सगळं विचारून घेतलं. नवीन चित्रात पाठीवर घडी घातलेलं पोतं आहे, दोरीची गाठ आहे आणि दोरीखालचे केस झिजून उघडी पडलेली कातडी आहे. ‘उचल्या’ची माझी प्रत ती पुढच्या रविवारी घेऊन जाणार आहे.