भूमध्य समुद्रातली क्रूझ: जहाज झकास, पण बंदरं नीट बघून घ्या

बार्सिलोना ते बार्सिलोना, ७ रात्री. जहाज मस्त, जेवण तर विचारूच नका, पण बुकिंग करताना एक गोष्ट कुणी धड सांगत नाही, पत्रकावर लिहितात रोम आणि जहाज लागतं चिविताव्हेक्कियाला, तिथून ट्रेनने तासभर तरी जातोच, फ्लॉरेन्सचंही तेच, उतरायचं लिव्होर्नोला. म्हणजे निम्मा दिवस येण्याजाण्यातच! (व्हेनिसला तर २०२१ पासून मोठी जहाजं शहरातल्या जुदेक्का कालव्यात येऊच देत नाहीत.) बाल्कनीवाल्या केबिनचे पैसे मात्र वसूल, पहाटे बंदरात शिरताना काय दिसतं राव. वायफाय आणि टिप वेगळी लावली, शेवटचं बिल बघून डोळे पांढरे झाले. शहरंच बघायची असतील तर डॅन्यूब नदीवरची क्रूझ घ्या, बुडापेस्टला बोट अगदी भर शहरात लागते.