जीप कंपास डिझेल: अकरा महिने, १४ हजार किलोमीटर आणि 'उंच केलेली पुंटो'

गणपतीच्या आदल्या शनिवारी सकाळी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवर एकदम सगळे दिवे लागले. इंजिनचा, एबीएसचा, स्टिअरिंगचा. इंजिन चालू होतं, पण दोन हजार आरपीएमच्या वर जायचं नाव नाही. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्याशेजारी शेंगांची टरफलं आणि कापसाचे पुंजके. उंदीर.

घराजवळच्या सगळ्या गाड्यांचं काम करणाऱ्या एका गॅरेजात नेली. त्यांनी स्कॅनर लावला, दहा मिनिटांत तोडून टाकलं: "इटालियन माल आहे साहेब, याला जोड चालत नाही. अख्खं वायरिंग किट टाकावं लागेल. ८२ हजार, मजुरी वेगळी." कुठली वायर तुटलीये ते तरी दाखवा म्हटलं, तर त्यांनी बॉनेटच लावून टाकलं. गाडी उचलून आणायचे अडीच हजार गेले ते गेलेच. ८२ हजार म्हणजे माझ्या मुलीची वर्षाची फी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हा अनुभव मी मार्चमध्येच लिहायला घेतला होता. तेव्हा लिहून संपवला असता तर तो वेगळाच झाला असता, म्हणून बरं झालं राहून गेला.

गाडी २०१९ची, बीएस-४ डिझेल, मॅन्युअल, फोर बाय टू (म्हणजे इंजिनची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना), १७ इंची चाकं. गेल्या ऑक्टोबरात ४६ हजार किलोमीटर झालेली घेतली, पावणेअकरा लाखांना. १७३ पीएस, ३५० न्यूटन मीटर वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याआधी चौदा वर्षं माझ्याकडे २०१०ची फियाट पुंटो होती, १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनची. ती १ लाख ६२ हजार किलोमीटर चालवून विकली आणि विकताना गळा दाटून आला होता. त्यामुळे मी कंपास घेतली यात जीप या नावाचा वाटा कमी होता. मला पुंटोनंतरची गाडी हवी होती आणि ती फियाटच्या नावाने मिळत नव्हती.

दिवाळीत सासुरवाडीला गेलो तिथेच वादाला सुरुवात झाली. मेव्हण्याकडे टाटाची हॅरिअर आहे. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "दाजी, ही जीप नव्हे. उंच केलेली पुंटो आहे ही. बोर्ड अमेरिकेचा, खाली सगळं इटली."

हे वाक्य मला लागलं. लागलं कारण मला त्यात खोटं काही सापडेना. कंपास ज्या प्लॅटफॉर्मवर उभी आहे त्याचं नाव स्मॉल वाइड. तो फियाटचा. रेनेगेड आणि फियाट ५००एक्स त्याच्यावरच, आणि त्याचं मूळ शोधत गेलं तर २००५च्या ग्रांदे पुंटोपाशी येऊन थांबतो. आता मेव्हण्याला जे माहीत नव्हतं ते असं, की पुंटोचा पायाही निव्वळ इटालियन नव्हता. तो फियाटने जनरल मोटर्सच्या ओपेलबरोबर मिळून केला होता, तिकडची कोर्सा त्याच्यावर आली. २००० साली जनरल मोटर्सने फियाटच्या मोटार कंपनीचा पाचवा हिस्सा घेतला होता आणि करारात एक कलम होतं: पुढे फियाटने म्हटलं तर उरलेली कंपनीही जनरल मोटर्सने विकत घ्यायची. फियाट डबघाईला आली तेव्हा अमेरिकनांना हे कलम गळफासासारखं झालं. २००५मध्ये त्यांनी त्यातून सुटायला फियाटला तब्बल २ अब्ज डॉलर मोजले. फियाट नको म्हणून!

चारच वर्षांनी, जून २००९मध्ये, जनरल मोटर्स दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती आणि त्याच महिन्यात फियाटने क्रायस्लरचा (जीप याच कंपनीची) २० टक्के हिस्सा रोख एक पैसा न देता घेतला. पैशाऐवजी काय दिलं? तंत्र दिलं. इंजिनं आणि प्लॅटफॉर्म. फियाटचे तेव्हाचे प्रमुख सर्जिओ मार्किओने या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे तो यासाठी. अमेरिकन सरकारने आणखी हिस्सा द्यायला ज्या अटी घातल्या, त्यात गॅलनला ४० मैल जाणारी गाडी अमेरिकेत बनवा अशी एक होती. ती पुरी केली क्रायस्लरच्या डॉज डार्टने, आणि डार्टचा पाया होता फियाटच्याच अल्फा रोमिओ जुलिएताचा, थोडा लांब-रुंद केलेला.

पण एवढं सगळं सांगूनही मेव्हण्याचा मुद्दा उभाच राहत होता. पाया पुंटोचा, मग साडेसोळा-सतरा लाखांची नवी गाडी कशाची? मार्चपर्यंत मीही मनातून त्याच्याच बाजूला गेलो होतो. शहरात १२चा ॲव्हरेज, क्लच पुंटोपेक्षा जड, सिंहगड रोडच्या गर्दीत डावा गुडघा बोलायला लागायचा. तेव्हाच्या कच्च्या लिखाणात मी स्वच्छ लिहून ठेवलं होतं, की नावाचे जास्तीचे पैसे गेले.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकत नव्हती, आणि तिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

आमचं गाव पाटणच्या पुढे. उंब्रजला हायवे सोडला की पुंटोत आई दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून बसायची आणि पाटण येईपर्यंत सोडायची नाही. कंपासच्या पहिल्याच खेपेला मल्हारपेठ मागे पडलं आणि माझ्या लक्षात आलं की आई झोपलीये. खड्डे तेच होते. पावसाळ्यानंतरचा रस्ता होता, खडी उखडलेली, आणि गाडीत फक्त लांबून दार वाजल्यासारखा एक बंद आवाज येत होता. धक्का नाही.

हे काम फ्रिक्वेन्सी सिलेक्टिव्ह डॅम्पिंगचं. शॉक ॲब्झॉर्बरमध्ये तेलाला जायला एक जादा वाट ठेवलेली असते. चाकाला भराभर छोटे हादरे बसत असतील तर तेल त्या वाटेनेही जातं आणि शॉक मऊ पडतो. गाडी वळणावर सावकाश कलायला लागली किंवा मोठ्या उंचवट्यावर उचलली गेली, की आतल्या दाबाने ती वाट बंद होते आणि तोच शॉक ताठ होतो. वायर नाही, सेन्सर नाही, बटण नाही. तेल आणि झडप, बस्स. उंदराला खायलाही काही नाही त्यात. कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरताना मी हे पुन्हा पुन्हा तपासलं: खड्ड्यात मऊ, वळणात घट्ट, एकाच पाच सेकंदांत दोन्ही. पुंटोचं वळण जितकं विश्वासाचं होतं तितकंच, आणि ही तर तिच्याहून कितीतरी उंच आणि जड.

१७५० आरपीएमच्या खाली इंजिन शांत असतं. घाटातल्या उलट्या वळणावर दुसरा गिअर वेळेत टाकला नाही तर एक-दोन क्षण थांबावं लागतं, मग ३५० न्यूटन मीटर एकदम पाठीला लागतात. पुंटो, लिनिया चालवलेल्यांना हे सांगायला नको. मला ते आवडतं. हायवेला सहाव्या गिअरमध्ये १०० धरले की १७च्या पुढे ॲव्हरेज मिळतो, कागदावरच्या १७.१च्या आसपास.

आता पुन्हा उंदराकडे.

मंगळवारी सकाळी एका जुन्या पुंटोवाल्या मित्राने नाना पेठेतल्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. साठीच्या आसपासचे गृहस्थ, बोळात गॅरेज, एक रॅम्प. फियाटची कामं करण्यात आयुष्य गेलेलं. गाडी टो करून नेली. त्यांनी स्कॅनर लावण्याआधी चष्मा पुसला, बॅटरी काढली, आणि टॉर्च तोंडात धरून बोटांनी वायरींचा गुच्छ चाचपत गेले. एका जागी थांबले. वरची जाळीदार नळी कापली तेव्हा आत चार वायरी दिसल्या. दोन पूर्ण तुटलेल्या, दोन नुसत्या सोललेल्या, आणि तांब्याच्या टोकांवर हिरवी पूड. पावसाचं पाणी लागून जमलेली.

"हे बघा साहेब. एवढंच आहे."

"जोड चालतो?"

"नीट केला तर चालतो. पिळून टेप गुंडाळला तर नाही चालत."

टोकं चकचकीत होईपर्यंत घासली, प्रत्येक वायर एकेक करून सोल्डर केली, वर स्लीव्ह सरकवून गरम हवेने आवळली, जोड एकासमोर एक येऊ नयेत म्हणून पुढे-मागे ठेवले. मग मल्टिमीटरने चारही तपासल्या. दोन तास. दिवे सगळे गेले. ३,४०० रुपये, त्यातच बॉनेटखाली बारीक जाळी बसवून दिली आणि तंबाखूची पानं ठेवायला सांगितली. ८२ हजार आणि ३,४००. पहिल्या गॅरेजवाल्याला वायर शोधायचे कष्ट नको होते म्हणून त्याने इटलीचं नाव घेतलं, याचा मला अजून राग आहे.

मी त्यांना मेव्हण्याचं वाक्य सांगितलं. ते काही बोलले नाहीत. गाडी रॅम्पवर वर घेतली आणि मला मागच्या चाकांखाली उभं केलं.

"पुंटोला इथे काय होतं?"

आडवा बीम. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला कळायचंच.

"इथे बीम कुठाय?"

नव्हताच. प्रत्येक चाकाला स्वतःचा स्ट्रट, स्वतःच्या दांड्या, मध्ये एक आडवी चौकट आणि तिच्यात मोकळी जागा. मी तिथे हात घालून बघितला. फोर बाय फोरमध्ये मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, याच जागी बसतो, म्हणाले. पुंटोच्या खाली तो बसवायचा म्हटलं तर अख्खं मागचं अंग नवं करावं लागलं असतं, आणि इथे ते केलेलंच आहे.

प्लॅटफॉर्म हा शब्द मी वर्षभर चुकीचा वापरत होतो हे मला त्या रॅम्पखाली कळलं. मी समजत होतो की तो एक तयार सांगाडा आहे आणि कंपन्या त्याच्यावर वेगवेगळे पत्रे चढवतात. प्रत्यक्षात तो घराच्या जोत्यासारखा असतो. इंजिन कुठे टांगायचं, पुढचं चाक आणि इंजिनमागची पत्र्याची भिंत यांच्यात अंतर किती, सस्पेन्शन कुठल्या बिंदूंना पकडायचं, वायरिंगची रचना कशी, हे ठरलेलं असतं; कारण यातलं काहीही बदलायचं तर कारखान्यातली अवजारं बदलावी लागतात आणि खरा खर्च तिथे होतो. त्या मापांच्या आत राहून जोतं रुंद करता येतं, मागचा भाग नवा बांधता येतो. फियाटने तेच केलं आणि नावातही लिहिलं: स्मॉल आणि वाइड.

नुसता बोर्ड बदलणं कसं असतं तेही याच दोन कंपन्यांनी करून दाखवलंय. २०११मध्ये क्रायस्लर ३००ला फियाटच्या लान्चा या जुन्या इटालियन ब्रँडची थीमा म्हणून युरोपात विकायला काढली. लान्चासारखं घराणं आणि त्यावर दुसऱ्याच्या गाडीचं तोंड. ती चालली नाही, चालायला नकोच होती. उलट अल्फा रोमिओ टोनाले कंपासच्या जोत्यावरच उभी आहे, आणि तिच्यावरून केलेली डॉज हॉर्नेट इटलीत पोमिल्यानोला बनून अमेरिकेत गेली. म्हणजे पुंटोपासून सुटलेला धागा डॉजपर्यंत पोचला. मला हे वाचताना आजही भरून येतं. ज्या पुंटोला लोक 'फियाट? पार्ट मिळतील का?' विचारून सोडून जायचे, तिची मापं इतकी पुढे गेली.

पार्टचं भय मलाही होतं, ते आता बरंच कमी झालंय. हे दोन लिटरचं मल्टिजेट रांजणगावला बनतं. हॅरिअरमध्ये तेच, सफारीत तेच, एमजी हेक्टर डिझेलमध्ये तेच. मेव्हणा ज्या इंजिनाला टाटाचं म्हणून मिरवतो ते आमच्याच घरचं आहे, आणि हे मी त्याला पाडव्याला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. १.३ मल्टिजेटचंही तेच झालं होतं. स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा, सगळ्यांना तेच इंजिन, आणि तेही फियाटने जनरल मोटर्सबरोबर केलेलं. म्हणून २०२०मध्ये बीएस-६मुळे ते बंद पडलं तरी आजही खेड्यातला मिस्त्री डोळे मिटून ते उघडतो.

बाबांना यातल्या कशाचंच आश्चर्य वाटत नाही. त्यांच्याकडे पद्मिनी होती, तिला घरात फियाटच म्हणत. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात फियाट यायच्या आधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, हे मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. वालचंद हिराचंदांचा कारखाना. "अमेरिकन आणि इटालियन एका छपराखाली आम्ही तेव्हाच बघितले," म्हणाले. कंपासलाही ते फियाटच म्हणतात. मी आता दुरुस्त करत नाही.

गाडी बरी झाल्यावर पहिल्यांदा रांजणगावच्या महागणपतीला नेली, बाबांना आणि आईला घेऊन. दर्शन झालं, नारळ फोडला, परतताना एमआयडीसीच्या रस्त्याने वळवली. कारखान्याच्या कुंपणापलीकडे जीपा रांगेत उभ्या होत्या. बाबांनी काच खाली घेतली आणि रांग संपेपर्यंत मला हळू चालवायला लावलं.

घ्यायची तर फोर बाय फोर बघा, मी पैशाकडे पाहून सोडली आणि त्या रॅम्पखाली हळहळलो. क्लचबद्दल माझं मत बदललेलं नाही. तंबाखूची पानं दर पंधरा दिवसांनी बदलतोय. मेव्हण्याच्या हॅरिअरचा चेक इंजिनचा दिवा परवापासून लागलाय, रविवारी नाना पेठेत त्याच मिस्त्रींकडे नेतोय, मी सोबत जाणार आहे.