नाक दाबलं की तोंड उघडतं: यूएफसी ५, नऊ महिने खेळल्यावर

यूएफसी ५ या पिंजऱ्यातल्या मारामारीच्या व्हिडिओ गेमची डिस्क विकायला काढली होती. फोटो काढून झाले, किंमत ठरली १,५०० रुपये. घेतली होती जुनीच, १,८०० ला. नऊ महिन्यांच्या खेळाला तीनशे रुपये पडले असते, त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. विकायचं कारण होतं उजवा डोळा.

करिअर मोडमध्ये माझा लाइटवेट वजनगटातला फायटर टायटलपर्यंत पोचला होता. पाच राउंडची लढत, पहिले तीन राउंड सरळ माझे. चौथ्यात रेफ्रीनं मध्येच थांबवलं, डॉक्टर आले, डोळ्याची जखम पाहिली आणि लढत बंद. टीकेओ, म्हणजे टेक्निकल नॉकआउट, डॉक्टर स्टॉपेज. दोन महिन्यांत अशी सहावी का सातवी लढत हातची गेली, आणि दर वेळी उजवाच डोळा. रात्री साडेअकराला कंट्रोलर सोफ्यावर आपटला आणि जाहिरात लिहायला बसलो.

गेम ऑक्टोबर २०२३ चा आहे. फ्रॉस्टबाइट इंजिन (गेम ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) आलं, मालिकेत पहिल्यांदाच 'एम', म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचं, रेटिंग मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते फक्त दुखापतींबद्दल, ज्याला त्यांनी रियल इम्पॅक्ट सिस्टिम म्हटलंय. यूएफसी ४ मध्ये चेहऱ्यावरचं रक्त मला नुसतं दिसायचं, त्याचं ओझं खेळताना जाणवायचं नाही. इथे प्रत्येक जखमेची किंमत मोजावी लागते. डोळा सुजला की त्या बाजूचा बचाव कच्चा होतो. नाकाला मार बसला की दम परत भरायला वेळ लागतो. पाय गेला की हालचाल जड होते. आणि जखम फार झाली की डॉक्टर.

डॉक्टरनं लढत थांबवणं खोटं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. २ नोव्हेंबर २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होर्हे मास्विदाल विरुद्ध नेट डियाझ, खऱ्या यूएफसीच्या २४४ व्या कार्यक्रमाची मुख्य लढत, तिसरा राउंड संपल्यावर डॉक्टरनंच थांबवली होती. डियाझच्या भुवईपाशी जखम होती आणि तो लढायला तयार होता. प्रेक्षकांनी जो गोंगाट केला तो अजून कानात आहे. भुवईवरची जखम त्याच जागेमुळे वाईट: रक्त सरळ डोळ्यात उतरतं, आणि न दिसणारा ठोसा चुकवता येत नाही. म्हणजे नियम बरोबर. माझा राग वेगळा होता. दर वेळी उजवाच डोळा का? मी ठरवून टाकलं होतं की गेमचं गणितच कुठेतरी एका बाजूला झुकलेलं आहे, आणि तसं मी मित्रांना ठासून सांगतही होतो.

ते चूक होतं.

जाहिरात टाकायच्या आधीच्या रविवारी भाचा आला होता, एकोणीस वर्षांचा. प्रॅक्टिस मोड चालू होता, मी चहा आणायला उठलो, कंट्रोलर टीपॉयवर. आतून त्याची हाक आली, "मामा, तू हात लावला नाहीस ना? मग याचं डोकं वाकडं का?" येऊन बघतो तर माझा फायटर उभा आहे आणि डोकं किंचित उजवीकडे कललेलं. फार नाही, लग्नाच्या फोटोत फोटोग्राफर मान जरा तिरकी करायला लावतो तेवढंच. पण कायम.

या गेममध्ये डोकं हलवायचं ते उजव्या स्टिकनं. आणि माझी उजवी स्टिक घसरत होती, ज्याला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. समोरच्याचा डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, माझ्या उजव्या बाजूलाच येणार. आपण ज्या बाजूला कलतो त्याच बाजूनं ठोसा आला तर मार जास्त बसतो, हे या मालिकेतलं जुनं गणित. म्हणजे दोन महिने मी माझ्या माणसाचा उजवा डोळा समोरच्याच्या हुकाखाली स्वतः नेऊन देत होतो. डोळा सुजला की तिकडचा बचाव आणखी ढिला, की आणखी हुक, की जखम, की डॉक्टर. गेमनं एकदाही खोटं केलं नव्हतं. जे होत होतं तेच तो चेहऱ्यावर दाखवत होता.

कंट्रोलरचं सांगितलंच पाहिजे, कारण खरा मनस्ताप तिथे झाला. तो दुसरा, स्वस्तातला घेतलेला कंट्रोलर. कंपनीचं नाव घेत नाही. सर्व्हिस सेंटरला नेला तर वॉरंटी संपून अकरा दिवस झालेले. काउंटरवरच्या माणसानं उघडूनही न बघता सांगितलं, "सर, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, २,८०० रुपये." स्टिक घसरते तर बोर्ड कशाला, याला उत्तर नाही. तीन दिवस ठेवून घेतला, दोनदा फोन केला, शेवटी तसाच परत आणला. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरानं समोर बसवून उघडला, स्टिकचा भाग डिसोल्डर केला, नवा लावला. ४५० रुपये आणि चाळीस मिनिटं. त्यानं जुना भाग हातात दिला. आत करड्या रंगाची बारीक भुकटी जमलेली होती. २,८०० आणि ४५० मध्ये जो फरक आहे तो गिऱ्हाइकाच्या खिशातून उगाच काढायचा, याची मला मनापासून चीड आहे.

त्यानंतरच्या चौदा लढतींत उजव्या डोळ्यामुळे डॉक्टर एकदाच आले, तेही बघून परत गेले. जाहिरात टाकलीच नाही. आणि मग मला नाक दिसायला लागलं.

नाकाचं श्रेय आप्पांना. आप्पा तरुणपणी सांगलीकडे तालमीत होते, कान अजून मोडलेला आहे. त्यांना हा खेळ पसंत नाही, पडलेल्या माणसाला मारायचं ही गोष्ट त्यांना पटतच नाही. पण टीव्ही लागला की मागे खुर्ची ओढून बसतात. मी एचयूडी, म्हणजे पडद्यावरची माहिती, बंद ठेवून खेळतो, पट्ट्या नाहीत, आकडे नाहीत, फक्त माणसं. दुसऱ्या राउंडला माझ्या माणसाच्या नाकातून रक्त यायला लागलं. मी म्हटलं किरकोळ आहे, डोळे तर शाबूत आहेत. मागून आप्पा म्हणाले, "अरे, याचं नाक बसलं. आता तोंडानं श्वास घेणार. याचा दम सुटला म्हणून समज."

"आप्पा, अजून तीन राउंड आहेत."

"तेच सांगतोय. तीन राउंड आहेत."

चौथ्यात माझा फायटर ठोसे टाकत होता आणि त्यात जीव नव्हता. हात खाली आले, एक साधा उजवा क्रॉस बसला आणि माणूस आडवा. पट्टी समोर नसताना आप्पांनी नुसत्या चेहऱ्यावरून ते सव्वा राउंड आधी सांगितलं होतं. तालमीत म्हणे वस्ताद पोरांना तोंड मिटून पळायला लावायचे. नाकानं श्वास चालला तर दम टिकतो. इथे गेमनं तेच गणित घातलंय आणि मी नऊ महिने डोळ्याच्या मागे लागून ते पाहिलंच नव्हतं.

म्हणून इथून पुढे फक्त नाक. कुणाला वाटेल एका नाकासाठी एवढं काय, पण माझ्या मते या गेममधली सगळ्यात महाग जखम तीच आहे. या गेममध्ये दम दोन थरांचा असतो. वरचा थर ठोसा टाकला की खर्च होतो आणि थांबलं की भरतो. खालचा थर, म्हणजे कमाल मर्यादा, लढत पुढे जाईल तशी खाली येते, पोटावर मार बसला की आणखी लवकर. चुकलेला ठोसा लागलेल्या ठोशापेक्षा महाग पडतो. दम कमी असताना बसलेला मार जास्त लागतो. आता यात मोडलेलं नाक घाला. वरचा थर भरायलाच वेळ लागतो, म्हणजे तुम्ही सदैव कमी दमात उभे, म्हणजे प्रत्येक ठोसा जास्त लागणार. डोळ्याची जखम एका बाजूचं नुकसान करते. नाक सगळ्याच बाजूंनी करतं, आणि डॉक्टर न येता करतं.

खऱ्या यूएफसीतल्या रॉरी मॅक्डॉनल्डचं नाक ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. ११ जुलै २०१५, लास वेगास, यूएफसी १८९, समोर रॉबी लॉलर. आधीच मोडलेल्या नाकावर पाचव्या राउंडच्या सुरुवातीला एक डावा बसला आणि तो जागीच खाली बसला. पाचव्याचा पहिला मिनिट होताना लढत संपली. चार राउंड खाल्लेला बाकी सगळा मार त्यानं सोसला होता. नाक मात्र सोसवलं नाही.

तेव्हापासून माझा खेळ बदलला. आधी मी हुकवाला होतो. आता पहिले दोन राउंड जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट ठोसा, सरळ, नाकावर. नॉकआउटचा विचारच नाही. पुढे येत असेल तर जॅब, कोपऱ्यात असेल तर जॅब, मध्येच एक पोटावर. माझ्या अनुभवात सरळ ठोसे नाक धरतात आणि हुक डोळ्याची बाजू. तिसऱ्या राउंडमध्ये समोरच्याचे एका दमात येणारे सलग ठोसे चाराचे दोन होतात. तिथे मी सुरू करतो. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण मी इतक्या शब्दशः कधी वापरली नव्हती. स्वतःचं नाक बसलं तर उलटा हिशेब: किक बंद, हवेत ठोसे बंद, क्लिंच करा, म्हणजे समोरच्याला मिठी मारून धरा, राउंड काढा. जिंकत असाल तरी घाई करू नका.

पायांबद्दल थोडक्यात. पुढच्या पायावर लो किक साचत गेल्या की माणूस पाय ओढतो. स्टान्स बदलून दुसरा पाय पुढे आणता येतो, पण मग आपलीच बोटं चुकतात. खालचा ब्लॉक वेळेवर धरला तर किक चेक होते, म्हणजे नडगीवर अडते, आणि मार मारणाऱ्यालाच बसतो. अँडरसन सिल्व्हाचा पाय २८ डिसेंबर २०१३ ला वाइडमननं चेक केलेल्या किकवरच मोडला होता, आणि एप्रिल २०२१ मध्ये खुद्द वाइडमनचा तसाच मोडला. गेममध्ये तसं पाय मोडणं मला नऊ महिन्यांत दिसलं नाही, आणि नाही तेच बरं.

एक गोष्ट मात्र असायला हवी होती. डोळ्याखालचं हाड पिचलेलं असताना जोरात नाक शिंकरलं तर हवा आत शिरून डोळा क्षणात फुगतो. म्हणून कोपऱ्यातली माणसं फायटरला बजावतात, शिंकरू नकोस. दोन राउंडच्या मधल्या एका मिनिटात कटमन, म्हणजे फायटरच्या जखमा सांभाळणारा माणूस, थंडगार लोखंडी ठोकळा सुजेवर दाबतो, जखमेत कापसानं अॅड्रेनलिन भरतो, वर व्हॅसलिन. हे मिनिट खेळणाऱ्याच्या हातात द्यायला पाहिजे होतं. डोळा आधी की नाक आधी, एवढंच विचारा. मी त्यासाठी पूर्ण किमतीत नवी डिस्क घेईन, आणि मी पूर्ण किमतीत गेम घेणारा माणूस नाही.

करिअर खेळणाऱ्यांना आणखी एक सांगतो. कॅम्पमधल्या, म्हणजे लढतीआधीच्या तयारीतल्या, स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) खऱ्या लढतीसारखं भिडू नका. तिथे डोक्यावर मार खाल्ला तर दुखापत कॅम्पातच होते आणि ती घेऊन पिंजऱ्यात जावं लागतं.

काल टायटलची लढत पुन्हा झाली. पाचव्यात माझी डावी भुवई फुटली, डॉक्टर आले, पाहिलं, सोडलं. समोरच्याचं नाक दुसऱ्या राउंडपासून वाहत होतं. शेवटचं दीड मिनिट राहिलं तेव्हा मागची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला आणि आप्पा म्हणाले, "आता धर."