आईबाबांनी गावातच राहावं की नागपूरला यावं?

वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यात बाबांची सकाळ वावरात चक्कर मारण्यात, मग पारावर बसण्यात जाते. आईकडे शेजारीण न विचारता येते, तुरीच्या शेंगा सोलता सोलता दोघींचं बोलणं होतं. नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर हे नाही. मुलगा-सून कामावर, दार दिवसभर बंद.

पण रात्री छातीत दुखलं तर? गावात १०८ ला फोन लावून वाट पाहायची. शहरात मोठा दवाखाना जवळ. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण आधी तिथवर पोचायला हवं ना! डायलिसिस सुरू असेल किंवा विसरणं वाढलं असेल, तर मी शहरच म्हणेन. दोघंही हिंडते-फिरते असतील तर गाव सोडायला लावू नका. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, येत-जात राहतील.

एक मात्र कळकळीनं सांगते, शहरात आणायचं म्हणून वावर घाईनं विकू नका. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात सांभाळण्याची अट लिहून घ्या. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ते रद्द करून मागता येतं.