८ महिने वापरलेला मायक्रोमीटर आणि त्याचं रॅचेट

मायक्रोमीटर, म्हणजे मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत जाडी मोजायचं साधन, रॅचेट (ठरावीक दाबावर टिकटिक करणारी शेवटची मूठ) बदलायला दिला होता, तो परवा सर्व्हिसहून परत आला. मिटवून पाहिला, तर शून्याची रेघ एका घराने चुकलेली. रॅचेट नवं, कागदावर ‘तपासून दिले’चा शिक्का, आणि शून्यच जुळत नाही! ३ आठवडे अडकवून ठेवल्यावर किमान मिटवून तरी बघायचं. फोन केला तर म्हणे, "एवढं चालतं." एक घर म्हणजे ०.०१ मिमी; एवढी चूक चालणार असती तर मी साध्या व्हर्नियर कॅलिपरवरच भागवलं असतं.

शेवटी स्वतःच केलं. तोंडांमध्ये स्वच्छ कागद हलका धरून ओढून काढला, स्पिंडल (पुढेमागे सरकणारा दांडा) लॉक केला, डब्यातल्या छोट्या पान्याने स्लीव्ह, म्हणजे मुख्य रेघ असलेली स्थिर नळी, फिरवून रेघ जुळवली. मग स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे, लावले: ५.१, १०.३, १५, २०.२, २५ मिमी. मापं मुद्दाम अशी आडनिडी. नुसते ५, १०, १५ घेतले तर थिंबल (आकडे असलेली फिरती नळी) दर वेळी शून्यावरच येतो आणि स्क्रूतली चूक लपून राहते. सगळी मापं बरोबर आली. म्हणजे मूळ साधन पक्कं आहे.

बिघडलं होतं ते रॅचेट. सहाव्या महिन्यात मशीनवरचं कुलंट (गार ठेवायचं पाणी-तेल) आत शिरून ते जड झालं. टिकटिक उशिरा वाजते, तोवर दाब वाढतो, फ्रेम (साधनाची कमान) किंचित ताणली जाते आणि जॉब, म्हणजे मोजायचा भाग, आहे त्याहून बारीक दिसतो. रोज पुसायला हवं होतं, तेवढी चूक माझी.

आणखी एक. दुसऱ्या महिन्यात मी ‘हा सकाळी एक, दुपारी दुसरंच माप दाखवतो’ अशी तक्रार केली होती, ती मागे घेतो. २५ मिमीचा शाफ्ट मी लेथवरून उतरवल्या उतरवल्या मोजत होतो. मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. जॉब ४५ अंशांवर असेल तर तेवढं पोलाद सुमारे ७ मायक्रॉन फुगलेलं असतं. गार झाल्यावर शाफ्ट बुशमध्ये (तो ज्या नळीत बसतो तिच्यात) सैल. आता जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही एकाच पाट्यावर गार होऊ देतो, फ्रेम प्लास्टिकच्या पट्टीवरच धरतो आणि ठेवताना तोंडं जराशी उघडी ठेवतो.

आकडे ठळक, लॉक घट्ट, डबा ठीकठाक. नवं रॅचेट मात्र सुरेख: हलकं, एकसारखं, ३ टिकटिकींनंतर आकडा जागचा हलत नाही. पुढच्या वेळी नुसतं रॅचेट मागवेन, बसवायचं काम माझ्याकडे.