अठरा अवजारांची पेटी आणि दोन सायकली: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असताना मी घरच्या घरी सायकल दुरुस्त करण्यासाठी १८ अवजारांची एक पेटी २,१५० रुपयांना ऑनलाइन मागवली. आमच्या घरी दोन सायकली आहेत. एक मी रोज कोथरूडहून शिवाजीनगरला नेतो ती सात गिअरची हायब्रिड, आणि दुसरी वडिलांची २२ इंची काळी सायकल, जिचे ब्रेक अजून दांडीचे आहेत आणि जी विकण्याचा विषय घरात काढता येत नाही. कंपनीचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण त्याच साच्यातील, त्याच निळ्या मुठींची पेटी निरनिराळ्या नावांनी विकली जाते आणि माझा अनुभव बहुधा त्या सगळ्यांनाच लागू पडेल.

पेटीत ॲलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टच्या किल्ल्या), टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटण्याच्या पट्ट्या), पंक्चरचे साहित्य, चेन कटर, चेनची झीज मोजण्याची पट्टी, १५ मिलिमीटरचा पेडलचा पाना, आरे आवळण्याची चकती, क्रँक (पेडल ज्यावर बसते तो दांडा) ओढून काढण्याचे अवजार, मागची दातेरी चक्रे उतरवण्याचे अवजार आणि काही साधे पाने असा ऐवज आहे. प्रत्येक वस्तूसाठी प्लास्टिकमध्ये खाच कोरलेली असल्यामुळे काम संपल्यावर काय राहिले ते लगेच कळते, आणि हा गुण मला आधी वाटला होता त्याहून मोलाचा ठरला. सोबतची माहितीपत्रिका मात्र कागदाचा अपव्यय आहे.

सर्वाधिक उपयोग अर्थातच पंक्चरसाठी झाला. चौदा महिन्यांत सात पंक्चर, त्यांपैकी निम्म्याहून अधिक बाभळीच्या काट्यांची. नायलॉनचे तिन्ही लिव्हर अजून शाबूत आहेत, रिमला ओरखडा नाही, आणि पूर्वी स्क्रू ड्रायव्हरने टायर उचकटताना मी ट्यूबला जी नवी भोके पाडत असे ती बंद झाली. पॅचही चांगले आहेत, पण माझा पहिला पॅच दुसऱ्याच दिवशी सुटला, कारण पत्रिकेत ‘सोल्यूशन लावून पॅच चिकटवा’ एवढेच लिहिले होते आणि मी ते तंतोतंत पाळले. ओल्या सोल्यूशनवर पॅच धरत नाही. ट्यूब काच पेपरने घासून खरखरीत करावी, सोल्यूशनचा पातळ थर पॅचच्या आकाराहून थोडा मोठा पसरावा, चार-पाच मिनिटे थांबून त्याची ओली चकाकी गेल्यावरच पॅच ठेवावा आणि मधून कडेकडे जोराने दाबत जावे, हे मला कोपऱ्यावरच्या दुकानातल्या काकांनी हसत हसत सांगितले. त्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला हवा, नाहीतर तोच काटा नव्या पॅचशेजारी पुन्हा घुसतो. टायर परत चढवताना शेवटचा चार बोटे भाग अडतो तेव्हाही लिव्हर लावू नये. टायरची कड उरलेल्या सगळ्या घेराभर रिमच्या मधल्या खोलगट भागात सारत आणली की तेवढी ढील मिळते आणि तो भाग अंगठ्यांनीच आत जातो. सोल्यूशनची ट्यूब मात्र एकदा उघडली की महिना-दोन महिन्यांत आतल्या आत वाळून जाते. हा दोष पेटीचा नव्हे, त्या पदार्थाचाच आहे, म्हणून मी आता लहान ट्यूबच आणतो.

ॲलन कींबद्दल तक्रार नाही. पोलाद चांगले आहे, कडा गोल झालेल्या नाहीत, आणि ब्रेक, सीट, हँडल ही सगळी कामे ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या तीन कींवर भागतात.

चेनच्या अवजारांबद्दल अधिक सविस्तर लिहायला हवे. चेन ‘लांब होते’ असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले गेलेले नसते. प्रत्येक पीन आणि तिच्या भोवतीचे भोक थोडेथोडे झिजते आणि त्या झिजेची बेरीज लांबी म्हणून दिसते. अशी चेन पुढे मागच्या चक्राचे दातही खाते, आणि मग नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारू लागते. पेटीतली पट्टी ०.५ आणि ०.७५ टक्के झीज दाखवते आणि ती मला विश्वासार्ह वाटली, कारण तिचे उत्तर मी पोलादी फूटपट्टीने ताडून पाहिले. चेनमधल्या दोन लगतच्या पिनांत अर्धा इंच अंतर असते, त्यामुळे एका पिनेच्या मध्यावर शून्य धरले की तिच्यापुढची चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर झीज साधारण अर्धा टक्का झाली असे समजावे. म्हणजे घरात पोलादी फूटपट्टी असेल तर ही पट्टी नसली तरी चालते.

चेन कटरने मात्र निराशा केली. पहिली चेन त्याने व्यवस्थित तोडली, दुसऱ्या वेळी त्याची ढकलणारी पीन वाकली. यात माझाही दोष आहे, कारण कटरची पीन चेनच्या पिनेच्या बरोबर मध्यावर टेकली आहे की नाही हे न पाहता मी मूठ फिरवत गेलो; तरीही दोन कामांत वाकावी इतकी ती पीन मऊ असू नये.

पेडलचा पाना हा पेटीतला सर्वांत कमकुवत दुवा आहे. त्याचे तोंड पातळ आहे, म्हणजे पेडल आणि क्रँक यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तो बसतो, पण दांडा जेमतेम वीतभर असल्यामुळे पावसाळ्यात गंजून बसलेल्या पेडलला तो हलवूही शकला नाही. शेवटी आदल्या रात्री आट्यांत तेल सोडून, पान्यावर लोखंडी नळी चढवून काम केले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सुटते. ही एक ओळ पत्रिकेत नाही, आणि नवख्या माणसाने संपूर्ण ताकद लावून ते पेडल आणखी आवळून ठेवण्याची शक्यता मोठी आहे. मी स्वतः पंधरा मिनिटे तेच करत होतो.

मागची चक्रे उतरवण्याचे अवजार माझ्या सायकलीला लागलेच नाही. ते कॅसेटसाठी, म्हणजे हबवर सरकवून बसवलेल्या चक्रांच्या संचासाठी आहे, आणि माझ्या सायकलीला हबवर आट्यांनी बसणारे फ्रीव्हील आहे. दोन्हींची अवजारे दिसायला जवळपास सारखीच असतात, मापात किंचित फरक असतो, आणि तो किंचित फरक पुरेसा ठरतो. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कितीतरी सायकलींना असे फ्रीव्हील असते, तेव्हा भारतात विकायच्या पेटीत दोन्ही अवजारे असायला हवी होती.

वडिलांच्या काळ्या सायकलीपुढे तर पेटीने हातच टेकले. तिच्या क्रँकला कॉटर पीन, म्हणजे क्रँक जागी घट्ट धरणारी पाचर आहे, ती हातोडीने ठोकून काढावी लागते, त्यामुळे क्रँक ओढणारे अवजार तिथे निरुपयोगी. दांडीच्या ब्रेकचे आणि मागच्या चाकाचे नट मिलिमीटरच्या पान्यांत नेमके बसत नाहीत. पाना घसरला की नटाच्या कडा जातात, मग पक्कड, मग शिव्या. वडील हे सगळे ओट्यावर बसून पाहत होते. ‘पेटी छान आहे, पण ती माझ्या सायकलीची नाही,’ एवढेच ते म्हणाले आणि माळ्यावरून त्यांचा जुना, अनेक भोकांचा पाना काढून त्यांनी दहा मिनिटांत ब्रेक जुळवले.

आरे आवळण्याची चकती मी दोनदाच वापरली. चाक ज्या बाजूला झुकते त्याच्या विरुद्ध बाजूचे आरे पाव-पाव फेरा आवळायचे, हे तत्त्व सोपे आहे आणि चाकाचा थोडा आऊट (वाकडेपणा) त्याने निघतोही. चाक मोठ्या प्रमाणात आऊट झाले असेल तर मी अजूनही काकांकडेच जातो, कारण त्यासाठी लागणारा हात पेटीबरोबर येत नाही.

पेटीत नसलेल्या वस्तूंचा खर्च हिशेबात धरायलाच हवा. मीटर असलेला उभा पंप मला वेगळा घ्यावा लागला आणि खरे तर तो पेटीच्याही आधी घ्यायला हवा होता, कारण टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा ठेवू लागल्यापासून पंक्चर कमी झाले. काळ्या सायकलीच्या, रबरी नळीच्या व्हॉल्व्हवर मात्र मीटरचा आकडा खरा धरू नये. तो व्हॉल्व्ह उघडण्यासाठी लागणारा दाबही त्यात मिसळलेला असतो. त्याशिवाय चेनचे तेल, जुना टूथब्रश, फडकी आणि धुण्यासाठी थोडे डिझेल एवढे लागतेच. पावसाळ्यात मी आठवड्यातून एकदा चेन पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा थेंब टाकतो आणि वरचे तेल फडक्याने टिपून घेतो. दुकानात ज्याला सरसकट ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात त्या ओव्हरहॉलिंगची वेळ या वर्षी आली नाही.

घरात एकच सायकल असेल, तीही नवी आणि गिअरची, आणि कामाची आवड असेल, तर पेटी घ्यायला हरकत नाही. काळी सायकल किंवा मुलांची लहान सायकल असेल तर चांगल्या ॲलन की, लिव्हर, पंक्चरचे साहित्य आणि लांब दांड्याचा पाना सुटे घ्यावेत, आणि उरलेले पैसे पंपावर घालावेत. अठरा वस्तूंपैकी माझ्या नियमित वापरात आठच आहेत, पाचांना मी अजून हात लावलेला नाही. विक्रेत्याबद्दल एक चांगली गोष्ट नोंदवतो: चेन कटरच्या वाकलेल्या पिनेचा फोटो पाठवल्यावर त्याने वाद न घालता नऊ दिवसांत नवी पीन पाठवली. ती बसवून मी आतापर्यंत दोन चेन तोडल्या आहेत आणि ती अजून सरळ आहे.